काटा

देशात मी अकरावी आहे.
शेजारच्या फेगडेकाकू म्हणाल्या, अगं बाई,
तेवीस वर्षांची झालीस, अजून अकरावीतच?

जगात चारशे सव्विसावी.
त्या पायरीवर आम्ही नऊजणी दाटीवाटीनं बसलोय,
सारख्या गुणांच्या.
एक हंगेरीची, एक फोटोत शाळकरी वाटते,
एकीनं खेळ सोडून वर्ष होत आलं
पण नाव उठलेलं नाही तिचं अजून.

चार रॅकेटी, एक दिवस, समोर एकच बाई.
आधी टेबल टेनिस, मग बॅडमिंटन,
मग स्क्वॉश, शेवटी टेनिस,
धाकटीपासून थोरलीपर्यंत, प्रत्येकीचे एकवीस.
डाव किती जिंकले ते कुणी विचारत नाही,
चारहींची बेरीज, बस.
क्रीडा कार्यालयात तीन अर्ज करूनही जे पटेना
ते पप्पांना भाकरी मोडता मोडता कळलं:
"मंग घड नाही मोजायचे. गाडीचं वजन."

पप्पा सावद्याला केळीच्या काट्यावर आहेत, सत्तावीस वर्षं.
रोज संध्याकाळी ते भाव वाचतात, महिन्याला मी यादी.
चढला का, उतरली का,
हे आम्ही एकमेकांना विचारत नाही.

टेबल भुसावळला, रेल्वेच्या इन्स्टिट्यूटात,
डाव्या कोपऱ्यात खोलगट,
तिथं पडलेला चेंडू उठत नाही.
बॅडमिंटन मंगल कार्यालयात, लग्नतिथी नसेल त्या दिवशी;
अधिक महिना आला की माझा खेळ सुधारतो.
टेनिस वरणगावला, सिमेंटवर, पहाटे,
कारण आठनंतर बूट चिकटतात.
आणि स्क्वॉश चार नंबरच्या चेंबरात,
केळी पिकवायच्या खोलीत, माल गेला की.
गुळगुळीत भिंती, गारठा, गोड वास.
रबराचा चेंडू तिथं तापतच नाही, पडतो तो मेल्यासारखा.
मी मेलेल्या चेंडूवर शिकले.
पुण्याच्या खऱ्या कोर्टात तो नाकतोड्यासारखा उडाला
आणि मी पुढे वाकलेली.

पुण्याचंच सांगते.
समोर देशात दुसरी, जगात एकसष्टावी,
चार रॅकेटींना चार पिशव्या तिच्या.
माझं नाव पुकारलं: यामिनी झोप.
झोपे, मी म्हटलं. झोपे हो.
लोक हसले, ती हसली, मग मीही.

एकवीस-नऊ.
एकवीस-सतरा.
आठ-एकवीस, त्या नाकतोड्यापायी.
टेनिसला जाताना मी तीननं पुढे होते
आणि अठरावर अडकले.
अडुसष्ट माझे. अडुसष्ट तिचे.
असं झालं की एकच गुण खेळतात,
एकच सर्व्हिस, चुकली तर दुसरी नाही.
नाणं माझ्या बाजूनं पडलं. चेंडू माझ्या हातात.

कुंपणापलीकडे पप्पांनी डबा खाली ठेवला
आणि हात मागे बांधले,
गाडी चढल्यावर काट्याशी उभे राहतात तसे.
काटा थरथरत असताना कुणी कशाला हात लावायचा नसतो.

चेंडू जाळीच्या पट्टीला लागला.
वर गेला. मला वाटलं, बराच वेळ वरच होता.
मग माझ्याच बाजूला पडला.

यादीत याचं काही येत नाही.

परतीच्या गाडीत मनमाडपर्यंत आम्ही गप्प.
मग ते म्हणाले, "अडुसष्टला अडुसष्ट.
वजन तर बरोबर भरलं."
चाळीसगाव गेलं. पाचोरा गेलं.
जळगाव यायला आलं तेव्हा, खिडकीबाहेर बघत:
"चार नंबरचा कंप्रेसर दोन घंटे बंद ठेवाले सांगतो शेठले.
चेंडू तापू दे तुझा."

एक तारखेला यादी आली.
जिनं खेळ सोडला तिचं नाव अखेर उठलं.
मी चारशे सव्विसावीच.
पायरीवर आता आठजणी.
मी जरा पाय पसरले.